पाच मिनिटांची प्रतिष्ठापना

आमच्या वाचनालयाचे चिटणीस जुन्या वळणाचे गृहस्थ होते. संगणकावर अमुक प्रणाली 'बसवली' असे कोणी म्हटले की ते हटकून दुरुस्ती करीत : "बसवतात ती पिठाची गिरणी. हिची प्रतिष्ठापना म्हणा." २००५ सालच्या दिवाळीच्या सुट्टीत माझ्या भाच्याने वाचनालयाचे संकेतस्थळ उभे केले तेव्हा त्यांनी खरोखरच संगणकापुढे नारळ वाढवला. वास्तविक प्रतिष्ठापना व्हायची होती ती त्या संगणकावर नव्हेच. ती व्हायची होती साता समुद्रांपलीकडच्या एका लिनक्स सर्व्हरवर. तो सर्व्हर भाड्याचा, आणि आमच्यापैकी कोणाच्याही दृष्टीस कधी न पडलेला. देव परगावी आणि पूजा इथे, असा तो प्रकार.

"किती वेळ चालेल रे?" मी विचारले.

"मामा, पाच मिनिटांचं काम आहे. तसं लिहूनच ठेवलंय त्यांनी."

आणि तसे लिहिलेले होते खरे. वर्डप्रेस नावाच्या त्या प्रणालीबरोबर 'आधी हे वाचा' म्हणून जे पान येते, त्यावर 'सुप्रसिद्ध पाच-मिनिटांची प्रतिष्ठापना' असा मथळाच आहे. भाच्याने सर्व्हरवर एक नवा डेटाबेस मोकळा करून घेतला, प्रणालीची फाईल उतरवून उलगडली, एका लहानशा फाईलीत डेटाबेसचे नाव, वापरणाऱ्याचे नाव आणि परवलीचा शब्द अशा चार ओळी भरल्या, आणि पडद्यावर एक पान उघडून वाचनालयाचे नाव लिहिले. चहा यायच्या आत ते नाव सगळ्या जगाला वाचता येऊ लागले होते. चिटणीसांनी प्रसाद वाटला.

पुढे दोन वर्षांनी आमच्यावर एक संकट आले, आणि त्या संकटाचे मूळ शोधता शोधता मला या पाच मिनिटांची सगळी वंशावळ तपासावी लागली. मी इतिहासाचा विद्यार्थी. यंत्रांशी माझा संबंध चष्म्यापलीकडे कधी गेला नव्हता. पण एकदा त्या दफ्तरात शिरल्यावर माझ्या ध्यानी आले की हाही एक वारशाचाच इतिहास आहे. त्यात ओसाड पडलेली घरे आहेत, दत्तकविधाने आहेत, आणि पूर्वजांच्या सवयींची वंशजांना द्यावी लागलेली किंमतही आहे.

ही प्रणाली करते काय, ते आधी थोडक्यात सांगितले पाहिजे. संकेतस्थळाचे पान पूर्वी हाताने लिहावे लागे. शंभर पाने असली की शंभर फाईली, आणि प्रत्येकीत मजकुराबरोबर त्याच्या सजावटीच्या खुणाही मिसळलेल्या. मथळ्याचा रंग बदलायचा तर शंभर ठिकाणी हात घालावा लागे. नव्या पद्धतीत मजकूर निराळा डेटाबेसात ठेवतात, सजावटीचा साचा निराळा ठेवतात, आणि कोणी वाचक दारात आला की त्या क्षणी मजकूर साच्यात ओतून पान त्याच्यापुढे धरतात. ज्यांनी खिळ्यांचा छापखाना पाहिला आहे त्यांना सांगायचे तर, जुळारी, फर्मा आणि छपाई ही तिन्ही कामे वाचकाच्या डोळ्यांदेखत दर वेळी नव्याने होतात. त्यामुळे मराठीचा शिक्षक असो की वाचनालयाचा शिपाई, ज्याला मजकूर लिहिता येतो त्याला तो छापताही येतो. मधला तंत्रज्ञ सुटला, ही या प्रकारातली खरी क्रांती.

आता त्या घराकडे वळू. वर्डप्रेस हे मुळात वर्डप्रेस नव्हतेच. २००१ साली मिशेल व्हाल्द्रिगी नावाच्या कॉर्सिकातल्या एका तरुणाने 'बी-टू' नावाची प्रणाली लिहून लोकांना मोकळी करून दिली. तिला 'कॅफेलॉग' असेही दुसरे नाव होते. लोक रोजनिशीवजा टिपणे लिहीत, आणि ती या प्रणालीवर सहज प्रसिद्ध होत. तिचा बोलबाला बेताचाच होता, पण वापरणारे निष्ठावंत होते. पुढे २००२ च्या अखेरीस तिच्यातली दुरुस्ती थांबली. कर्ता दिसेनासा झाला. घर उभे होते, बिऱ्हाडे नांदत होती, पण कौले शाकारणारा कोणी राहिला नव्हता.

बिऱ्हाडकरूंपैकी एक होता टेक्ससमधल्या ह्यूस्टनचा मॅट मुलेनवेग, वय वर्षे एकोणीस. २४ जानेवारी २००३ रोजी त्याने आपल्या पानावर आपला पेच मांडला. त्याचा सारांश असा : माझी प्रणाली मरणपंथास लागली आहे, तिच्या कर्त्याचा महिनोन् महिने पत्ता नाही, पण तिचा परवाना असा आहे की ती उचलून पुढे चालवण्यास मला कोणाची आडकाठी नाही. दुसऱ्या दिवशी इंग्लंडातल्या स्टॉकपोर्टहून माइक लिटल नावाच्या गृहस्थाने त्याखाली दोन ओळी लिहिल्या की तू हे मनावर घेणार असशील तर माझाही हात लागेल. एकाने दुसऱ्यास पाहिलेले नव्हते. मध्ये अटलांटिक महासागर. २७ मे २००३ रोजी त्यांनी पहिली आवृत्ती बाहेर काढली. तिचा क्रमांक ०.७, आणि नाव एका मैत्रिणीने सुचवलेले, वर्डप्रेस. सुरुवातीच्या त्या आवृत्त्यांत कित्येक फाईलींच्या नावांवर बी-टूचाच शिक्का होता. पाटी बदलली, तरी आतल्या भांड्यांवर घातलेली नावे जुन्या घरधन्याचीच, हा अनुभव आपल्याकडे जुना वाडा विकत घेणाऱ्यांस चांगला परिचित आहे. यथावकाश व्हाल्द्रिगी परत प्रकट झाला आणि वर्डप्रेस हाच आपल्या प्रणालीचा अधिकृत वारस, असे त्याने मान्य केले. पुढे त्या कामात तो स्वतःही सामील झाला. आयर्लंडमधल्या कॉर्कच्या डॉन्का ओ क्वीव्ह याने बी-टूचीच दुसरी एक शाखा वाढवली होती. तीही या मूळ प्रवाहात येऊन मिळाली.

नशिबाचीही साथ मिळाली. त्या काळी या क्षेत्रात 'मूव्हेबल टाइप' या प्रणालीचे राज्य होते. मे २००४ मध्ये तिच्या मालकांनी तिसऱ्या आवृत्तीबरोबर परवाना बदलला. फुकट वापरणाऱ्यांवर किती लेखक, किती पाने यांची मर्यादा आली आणि त्यापलीकडे पैसे पडू लागले. त्यात बेकायदेशीर काहीच नव्हते; माल त्यांचा, भाव त्यांचा. परंतु काल फुकट असलेल्या धर्मशाळेत आज भाडे मागितले म्हणजे प्रवाशांच्या मनात जी कालवाकालव होते ती झाली, आणि पुष्कळांनी बोचकी उचलली. त्याच महिन्यात वर्डप्रेसची १.२ क्रमांकाची आवृत्ती निघाली होती. आज जगातल्या दर दहा संकेतस्थळांपैकी चारांच्या आसपास संकेतस्थळे या प्रणालीवर चालतात. त्या आकड्याचे पहिले बीज मे २००४ मध्ये पडले, असे माझे मत आहे.

पण एकोणीस वर्षांच्या पोराला परक्याचे घर उचलण्याचा अधिकार मिळाला कोठून? इथे वीस वर्षे मागे जावे लागते. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्सच्या तंत्रशिक्षणसंस्थेत रिचर्ड स्टॉलमन म्हणून एक हट्टी मनुष्य होता. छपाईयंत्राची आज्ञावली दुरुस्त करू म्हटले तर तिचा मूळ मसुदा मिळेना. ज्याच्यापाशी होता त्याने न देण्याचे वचन दिलेले. या गोष्टीचा त्याने असा राग धरला की २७ सप्टेंबर १९८३ रोजी त्याने 'ग्नू' हा आपला प्रकल्प जाहीर केला आणि पुढे १९८९ साली त्याकरिता एक परवाना रचला. कायद्याच्या दृष्टीने हा परवाना म्हणजे मोठी चतुर रचना आहे. लेखाधिकार सोडून न देता, त्याच लेखाधिकाराच्या जोरावर तो असे बजावतो की ही आज्ञावली कोणीही वापरावी, उकलून पाहावी, बदलावी, वाटावी. मात्र बदलून वाटणाऱ्याने पुढच्यालाही नेमके हेच अधिकार दिले पाहिजेत. दान द्यायचे, पण दान घेणाऱ्याने ते कोंडून ठेवता कामा नये. आमच्या इनामांच्या सनदांत 'पुत्रपौत्रादी वंशपरंपरेने' असे शब्द येतात. या सनदेत पुत्रपौत्र नाहीत. जो उचलील तो वारस.

बी-टूचा परवाना हा होता. लिनक्सचाही हाच आहे. हेलसिंकीच्या विद्यापीठातला विद्यार्थी लिनस टोरव्हाल्ड्स याने २५ ऑगस्ट १९९१ रोजी आपण एक प्रणाली लिहीत असल्याचे जाहीर केले, तेव्हा हा आपला छंद आहे, यातून फार मोठे काही निघायचे नाही, असेही त्याने सांगून टाकले होते. त्याच्या पहिल्या परवान्यात पैसे घेऊन वाटण्यास बंदी होती. १९९२ च्या आरंभी त्याने ती उठवून स्टॉलमनचा परवाना स्वीकारला. ती बंदी राहिली असती तर भाड्याच्या सर्व्हरांचा आजचा धंदा लिनक्सवर उभा राहिला नसता, आणि आमच्या वाचनालयाला वर्षाच्या वर्गणीत परवडेल असे बिऱ्हाडही मिळाले नसते.

लिनक्सवर आणखी तीन थर चढतात. १९९८ साली मिखाएल कुन्त्से याने एका जर्मन संगणक-नियतकालिकात या चारही थरांची आद्याक्षरे जुळवून 'लॅम्प' असा शब्द तयार केला. दिवाळी अंकात या दिव्याचा उल्लेख अप्रस्तुत होऊ नये. त्यातला दुसरा थर अपॅची. दारात आलेल्या वाचकाला हवे ते पान नेऊन देणारा हा कारकून. त्याची जन्मकथा बी-टूच्या कथेची थोरली बहीण शोभेल. इलिनॉय विद्यापीठातल्या एका केंद्रात रॉब मॅककूल याने असा कारकून प्रथम घडवला होता. १९९४ साली तो नोकरी सोडून गेला आणि काम थांबले. ज्यांची संकेतस्थळे त्यावर चालत होती ते घाबरले, आणि आपापल्या घरी केलेल्या दुरुस्त्या टपालाने एकमेकांस पाठवू लागले. अशा दुरुस्तीला इंग्रजीत जो शब्द आहे त्याचा अर्थ ठिगळ. फेब्रुवारी १९९५ मध्ये आठ जणांनी ही ठिगळे एकत्र शिवायला घेतली आणि एप्रिलात गोधडी बाहेर आणली. तिचे नाव अपॅची, म्हणजे 'ठिगळांचा', असा विनोद तेव्हापासून रूढ आहे. त्यांतला एक कर्ता ब्रायन बेलेनडॉर्फ मात्र म्हणतो की हे नाव अमेरिकेतल्या आदिवासींच्या आदराने ठेवले. १९९६ साली ही गोधडी जगातली सर्वाधिक पांघरली जाणारी झाली. आता तिची मक्तेदारी संपली आहे, पण तो निराळा विषय.

तिसरा थर पीएचपी ही भाषा. ग्रीनलंडमध्ये जन्मलेल्या रास्मुस लेर्डोर्फ याने १९९४ साली आपली नोकरीची माहिती किती जण वाचतात हे मोजण्यासाठी काही साधने लिहिली आणि पुढच्या जूनमध्ये ती लोकांना दिली. इस्रायलमधल्या हैफाच्या दोन विद्यार्थ्यांनी, झीव सुरास्की आणि आंडी गुटमन्स यांनी, ती पायापासून पुन्हा बांधली. जगातल्या निम्म्याहून अधिक संकेतस्थळांच्या पोटात एका उमेदवाराची आपला अर्ज कोणी पाहिला का ही हुरहूर आहे, हे कळल्यापासून त्या भाषेविषयी मला जरा आपुलकी वाटते.

चौथ्या थरापाशी मात्र रेंगाळले पाहिजे, कारण आमचे संकट तिथले.

हा थर डेटाबेसचा, म्हणजे कोठाराचा. त्याचे नाव मायएस्क्यूएल. फिनलंडचा मायकेल विडेनियस आणि स्वीडनचे डेव्हिड आक्समार्क व अलन लार्सन यांनी १९९५ साली तो बाहेर काढला. नावातले 'माय' हे विडेनियसच्या थोरल्या मुलीचे नाव. २००८ साली सन या कंपनीने सुमारे शंभर कोटी डॉलरांना तो विकत घेतला, २०१० साली सनलाच ओरॅकलने घेतले; आणि त्या सौद्यात आपले कोठार परक्या कुलुपात जाईल या भीतीने विडेनियसने २००९ मध्येच त्याची एक शाखा निराळी काढली. तिला धाकट्या मुलीचे नाव दिले, मारिया. परवाना तोच असल्यामुळे हे त्याला करता आले. २०१७ पासून डेबियन या लिनक्सच्या वाणात कोठार मागितले की आपसूक मारिया येते. थोरलीचे सासर श्रीमंत, पण माहेरचा कारभार धाकटीकडे, असे काहीसे झाले आहे.

आता, कोठारात अक्षरे ठेवायची म्हणजे ती कोणत्या लिपीची आहेत हे कोठाराला सांगावे लागते. न सांगितल्यास ते स्वतःच काही धरून चालते. मायएस्क्यूएल जे धरून चाले त्याचे पूर्ण नाव असे : 'लॅटिन-एक, स्वीडिश'. म्हणजे लिपी पश्चिम युरोपची, आणि वर्णानुक्रम स्वीडनचा. स्वीडिश वर्णमालेत 'झेड'नंतर आणखी तीन स्वर येतात. ते तसेच शेवटी लागले पाहिजेत, ही काळजी त्या कोठाराने घेतली होती. यात कोणाचा दुष्टपणा नाही. ज्यांनी कोठार बांधले त्यांनी आपल्या आळीतले धान्य डोळ्यांपुढे ठेवून कणग्या केल्या. पण परवान्याच्या कृपेने ते कोठार साऱ्या जगात गेले आणि त्याबरोबर तो वर्णानुक्रमही गेला. नागपूर, जकार्ता, कैरो, जिथे जिथे कोणी काही न सांगता कोठार उघडले, तिथे तिथे मुक्कामाला स्वीडन. ही सवय सुटायला २०१८ साल उजाडले. त्या वर्षी आठव्या आवृत्तीत युनिकोड ही मूळ धारणा झाली.

२००५ साली माझ्या भाच्याने काहीच सांगितले नव्हते. कारण सांगायला जागाच नव्हती. वर्डप्रेसच्या त्या लहानशा फाईलीत लिपी सांगणारी ओळ मे २००७ मध्ये, २.२ क्रमांकाच्या आवृत्तीत आली. तोपर्यंत गंमत अशी चाले : युनिकोडमध्ये देवनागरीचे एकेक चिन्ह तीन आकड्यांनी लिहितात. ते तीन आकडे कोठार तीन स्वीडिश अक्षरे समजून ठेवी, आणि मागितले की जसेच्या तसे परत देई. वाचकाच्या पडद्यावर ते पुन्हा मराठी दिसे. देणारा आणि घेणारा दोघेही एकच चूक करीत असल्यामुळे हिशेब बरोबर येत होता.

वाचनालयाच्या वयोवृद्ध सभासदांच्या आठवणी आम्ही त्या कोठारात ठेवल्या होत्या. वीसेक जणांनी लिहून दिल्या किंवा सांगितल्या, मुलींनी त्या टंकल्या. कोणी बेचाळीसच्या सालातली भूमिगत पत्रके वाचनालयाच्या कपाटामागे कशी लपवली ते लिहिले होते. कोणी प्लेगच्या दिवसांत आजोळी ऐकलेल्या गोष्टी दिल्या होत्या. हस्तलिखिते आम्ही ज्याची त्याला परत केली. सुरक्षित जागी ठेवले आहे, असा आमचा समज होता.

२००७ च्या अखेरीस ज्यांच्याकडे आमचे बिऱ्हाड भाड्याने होते त्यांनी जुना सर्व्हर मोडीत काढला आणि सगळ्यांना नव्यावर हलवले. हलवणाऱ्याने वर्डप्रेसची नवी आवृत्ती घेतली, आणि तिच्यातल्या नमुन्याप्रमाणे ती लहान फाईल नव्याने भरली. अर्थात त्या नव्या ओळीसकट. झाले! आता मागणारा म्हणू लागला, मला युनिकोड दे; कोठार म्हणू लागले, माझ्यापाशी तर स्वीडिश अक्षरे आहेत, तीच युनिकोडमध्ये लिहून देतो. एका 'म'च्या जागी तीन चिन्हे उमटू लागली : डोक्यावर तिरपी रेघ असलेला रोमन 'ए', चार शिंगे फुटलेले एक वर्तुळ, आणि मालाच्या वेष्टनावर असतो तो वर्तुळातला 'आर'. पानेच्या पाने या शिंगांनी भरून गेली.

इथपर्यंत काहीही बिघडले नव्हते, हे मला फार उशिरा कळले. आकडे शाबूत होते. चुकले होते ते वाचन. परंतु भाचा परदेशी शिकायला गेलेला, आणि आमच्यातल्या एका उत्साही सभासदाने विचार केला की हा कचरा जगाला किती दिवस दाखवायचा. त्याने एकेक पान उघडले, कचरा पुसला, त्या जागी मराठीत 'मजकूर लवकरच पुन्हा देत आहोत' असे लिहिले आणि जतन केले. पाहतो तो ते वाक्यही नाही, ओळभर प्रश्नचिन्हे. कारण आता खरे युनिकोड कोठारात जाऊ पाहत होते, आणि ज्या अक्षराला स्वीडिश कणगीत जागा नाही त्याच्याऐवजी कोठार प्रश्नचिन्ह ठेवते. मराठी हा शब्द डोळ्यांना तीन अक्षरांचा; त्याची प्रश्नचिन्हे होतात पाच, कारण काना आणि वेलांटी यांचीही वेगळी मोजदाद होते. सात पाने अशी पुसल्यावर तो थांबला. जुन्या आवृत्त्या आपोआप जपून ठेवण्याची सोय वर्डप्रेसमध्ये पुढच्या वर्षी, २००८ साली आली.

भाच्याशी रात्री फोनवर बोलणे झाले.

"मामा, कोणी काही जतन केलं का त्यानंतर?"

"सात पानं."

तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "बाकीच्यांना आता कोणी हात लावू नका."

बाकीची पाने त्याने तिकडून सोडवली. कोठाराला आधी सांगायचे की ही अक्षरे नव्हेतच, नुसते आकडे आहेत. ते त्याने मान्य केले की मग सांगायचे, हे आकडे युनिकोडचे आहेत. सरळ स्वीडिशचे युनिकोड कर म्हटले तर शिंगे कायमची होतात. मध्ये एकदा अक्षरांना अक्षरपण सोडायला लावावे लागते. सात पानांपैकी चारांची हस्तलिखिते घरोघर हिंडून मिळाली. तिघांची मिळाली नाहीत. त्यांतले दोघे तोवर वारले होते. तिसऱ्या आजींना आम्ही पुन्हा सांगा म्हणून विनवले, तेव्हा त्या म्हणाल्या, "एकदा सांगितलं ना बाबा. आता नाही तसं सांगता यायचं."

दोष द्यायचा तर तो आमच्या घाईला. पण त्या निमित्ताने एक गोष्ट मनात पक्की बसली. दत्तक घेतलेल्या घरात भिंतींबरोबर जुन्या धन्याचे गृहीतकही येते, आणि ते दिसत नाही, कारण ते कुठेच लिहिलेले नसते. याचा दुसरा अनुभव इतिहासाच्या अभ्यासकांनाच यायचा होता. या कोठाराने युनिकोड शिकले ते आधी अर्धेच. चिन्हामागे तीन आकड्यांपुरते. देवनागरी त्यात मावते. पण जून २०१४ मध्ये अंशुमन पांडे यांच्या प्रस्तावानुसार आपल्या मोडी लिपीला युनिकोडच्या सातव्या आवृत्तीत स्थान मिळाले, ते वरच्या मजल्यावर, जिथे एका चिन्हाला चार आकडे लागतात. तेव्हा पेशवे दफ्तरातली एखादी ओळ मूळ मोडीत उद्धृत करून लेख जतन केला, तर पहिल्या मोडी अक्षरापाशी लेख तुटे आणि पुढचा सगळा मजकूर मुकाट्याने नाहीसा होई. कोठाराने चार आकड्यांची कणगी २०१० सालीच केली होती. वर्डप्रेसने ती एप्रिल २०१५ मध्ये, ४.२ क्रमांकाच्या आवृत्तीत वापरायला घेतली. शिवाय ते घडले त्यात मोडीपेक्षा हसऱ्या-रडव्या चेहऱ्यांच्या चित्रांचा वाटा मोठा होता. तीही त्याच मजल्यावर राहतात.

परवान्याविषयीही भाबडेपणा नको. घर ज्याचे त्याने उचलावे हे खरे. पाटी मात्र उचलता येत नाही. २०२४ साली वर्डप्रेसच्या नावावरून आणि आवारावरून मुलेनवेग व एका मोठ्या भाडोत्री-सर्व्हरवाल्या कंपनीत भांडण जुंपले आणि ते अमेरिकेच्या न्यायालयात गेले.

गेल्या वर्षी आम्ही वाचनालयाचे बिऱ्हाड पुन्हा हलवले. या खेपेस भाचा समोर बसलेला, केस पांढरे होऊ लागलेला. लिनक्सचे यंत्र कोरे होते; अपॅची, पीएचपी, मारिया असे एकेक थर त्याने एकेका आज्ञेने मागवून घेतले. मग फाईलींची मालकी लावली : मालकाला लिहिण्याची मुभा, इतरांना फक्त वाचण्याची. घाईत असलेले लोक इथे सगळ्यांनाच सगळी मुभा देऊन मोकळे होतात. सातशे सत्त्याहत्तर हा तो आकडा, आणि त्याचा अर्थ दाराला कडीच न लावणे. लिपीची ओळ त्याने दोनदा वाचली. मी त्याला म्हटले, तो परवाना एकदा उघड. प्रत्येक प्रतिष्ठापनेबरोबर ती फाईल येते आणि कोणी उघडत नाही. सुरुवातीलाच दोन ओळींत लिहिले होते की या प्रणालीत पूर्वीचे काम समाविष्ट आहे : बी-टू, २००१ आणि २००२, मिशेल व्हाल्द्रिगी. दशकोटींनी प्रती निघाल्या असतील, प्रत्येकीत ते नाव.

पाच मिनिटे झाली. चहा अजून यायचा होता. वीसेक आठवणी नव्या घरी नीट उतरल्या. त्या तीन पानांचे काय करायचे असे भाच्याने विचारले. त्यांतल्या त्या आजींच्या पानाची एक प्रत, कचरा समजून पुसण्याऐवजी चुकून तशीच जतन झालेली, मला मागाहून सापडली होती. पानभर प्रश्नचिन्हे आहेत. पण शब्दांमधल्या मोकळ्या जागा टिकल्या आहेत, स्वल्पविराम टिकले आहेत, परिच्छेद कुठे संपतात ते दिसते. कोणता शब्द लांब, कोणता आखूड, हे मोजता येते. दुसऱ्या परिच्छेदाच्या शेवटी टंकणाऱ्या मुलीने इंग्रजी आकड्यांत टंकलेले १९४८ हे साल स्पष्ट आहे, आणि त्यानंतर एक उद्गारचिन्ह.

"ठेवू का?" भाच्याने विचारले.

"ठेव," मी म्हटले.